पोचपावती वेळेवर आणि खरी: टीडीडी एलटीईमधील ॲक-नॅक समजून घेऊया



मोबाईल कम्युनिकेशनच्या बहुतेक नोट्समध्ये 'ॲक' आणि 'नॅक' हे दोन शब्द एका ओळीत उरकलेले असतात. डेटा नीट मिळाला तर ॲक, नाही मिळाला तर नॅक. (कॉलेजात ज्याची समिती येते त्या 'नॅक'चा इथे काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो!) दोन मार्कांच्या प्रश्नाला एवढं उत्तर पुरतं. पण तुम्ही थोडा विचार केलात तर लगेच तीन प्रश्न उभे राहतात. ही पोच कधी पाठवायची? बोलायची पाळीच आली नसेल तर काय करायचं? आणि तिसरा, सगळ्यात अवघड: जी गोष्ट पाठवली होती हेच आपल्याला माहीत नाही, तिची पोच कशी द्यायची?

आजच्या पाठात या तीन प्रश्नांची उत्तरं टीडीडी एलटीई, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर वेळ वाटून चालणाऱ्या ४जीच्या उदाहरणावरून पाहू. वही-पेन घेऊन बसा, मध्ये थोडी आकडेमोड आहे.

१. आधी फराळाचे डबे

घरोघरी फोन नव्हते तेव्हाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. गावाकडची मावशी पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला दिवाळीचा फराळ पाठवते आहे. दिवसभरात गावातून पुण्याला जो कोणी निघेल त्याच्या हाती एकेक डबा, असे चार डबे ती धाडते. उलट निरोप पाठवायला मात्र भाच्याला संध्याकाळची एकच एसटी आहे. त्या गाडीच्या कंडक्टरकडे तो चिठ्ठी देतो: "मिळाले."

मावशी निर्धास्त झाली. पण थांबा. चारपैकी चकलीचा डबा घेऊन निघालेला माणूस भाच्याच्या खोलीपर्यंत पोहोचलाच नव्हता. भाच्याने चिठ्ठी खोटी लिहिली का? नाही. त्याच्या हाती तीन डबे आले, तिन्ही चांगले होते, त्याने "मिळाले" लिहिलं. चौथा डबा निघाला होता हेच त्याला ठाऊक नव्हतं. चिठ्ठी प्रामाणिक होती, पण खरी नव्हती.

प्रामाणिक पण खोटी पोच. आजच्या पाठाचा गाभा हाच आहे. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे आपण पुन्हा याच डब्यांपाशी येणार आहोत.

२. दोन रस्ते की एकच रस्ता?

टॉवरकडून (पुस्तकी भाषेत बेस स्टेशनकडून) मोबाईलकडे येणारी दिशा म्हणजे डाउनलिंक आणि मोबाईलकडून टॉवरकडे जाणारी दिशा म्हणजे अपलिंक. या दोन दिशा वेगळ्या ठेवायच्या दोन पद्धती आहेत.

एफडीडी: दोन्ही दिशांना वेगवेगळी फ्रिक्वेन्सी. जणू दुभाजक असलेला रस्ता. दोन्हीकडची वाहनं एकाच वेळी धावतात.

टीडीडी: दोन्ही दिशांना फ्रिक्वेन्सी एकच, पण पाळीपाळीने वापरायची. जणू एकेरी पूल. थोडा वेळ इकडची वाहनं, थोडा वेळ तिकडची.

भारताशी याचा जवळचा संबंध आहे. २०१० मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडसाठी २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा लिलाव केला. त्यातले २० मेगाहर्ट्झचे तुकडे जोडीने नव्हे, एकेकटे होते, म्हणजे टीडीडीसाठीच योग्य. देशातली पहिली ४जी सेवा एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात सुरू झाली, ती याच टीडीडी पद्धतीची. आणि ऑक्टोबर २०२२ पासून देशात सुरू झालेल्या ५जीचा ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टाही टीडीडीच आहे. त्यामुळे हा विषय परदेशी पुस्तकातला नाही, तुमच्या खिशातल्या फोनमधलाच आहे.

टीडीडीचा मोठा फायदा असा, की लोक डाउनलोड जास्त करतात आणि अपलोड कमी, तर वेळेची वाटणीही तशीच कमी-जास्त करता येते. पण अपलिंकचा वेळ कमी केला की पोच पाठवायच्या जागाही कमी होतात. इथूनच आपली गोष्ट सुरू होते.

३. दहा सबफ्रेमची फ्रेम

एलटीईत वेळेचे तुकडे असे पाडतात: १० मिलिसेकंदांची एक फ्रेम आणि तिच्यात १ मिलिसेकंदाच्या १० सबफ्रेम. त्यांना ० ते ९ असे क्रमांक. टीडीडीमध्ये कोणती सबफ्रेम कोणाची, याच्या सात मांडण्या ठरवून दिल्या आहेत, क्रमांक ० ते ६. आपण मांडणी २ घेऊ, कारण डाउनलोडला झुकतं माप देणारी म्हणून ती बरीच वापरात आहे.

सबफ्रेम ०: डाउनलिंक
सबफ्रेम १: स्पेशल
सबफ्रेम २: अपलिंक
सबफ्रेम ३, ४, ५: डाउनलिंक
सबफ्रेम ६: स्पेशल
सबफ्रेम ७: अपलिंक
सबफ्रेम ८, ९: डाउनलिंक

ही 'स्पेशल' काय भानगड आहे? एकेरी पुलावर दिशा बदलायची तर आधीची वाहनं पूल उतरेपर्यंत थांबावं लागतं. तसंच इथे. स्पेशल सबफ्रेमचा पहिला भाग डाउनलिंकचा, मधला भाग रिकामा आणि शेवटचा छोटा तुकडा अपलिंकचा. रिकामा भाग कशाला? रेडिओ लहर १ मिलिसेकंदात सुमारे ३०० किलोमीटर जाते. मोबाईल टॉवरपासून १० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन २० किलोमीटर, म्हणजे सुमारे ६७ मायक्रोसेकंद. तेवढी सवड तरी ठेवावीच लागते.

आपल्या कामाचं एवढंच: स्पेशलच्या पहिल्या भागात बहुतेक वेळा डेटा पाठवता येतो, म्हणून तिचीही पोच द्यावी लागते. पण तिच्या शेवटच्या तुकड्यात नेहमीची पोचपावती मावत नाही. म्हणजे हिशेब झाला: पोच मागणाऱ्या सबफ्रेम आठ (०, १, ३, ४, ५, ६, ८, ९) आणि पोच पाठवायला जागा दोन (२ आणि ७). चार डबे आणि एक एसटी, अगदी मावशीसारखं.

४. पोच कधी पाठवायची?

डेटा आला की मोबाईल त्याच क्षणी 'मिळाला' म्हणू शकत नाही. आधी आपल्यासाठी काही आहे का हे कंट्रोल संदेशातून शोधायचं, मग डेटा उलगडायचा, चुका दुरुस्त करायच्या, शेवटी तपासणीचा आकडा जुळतो का बघायचं. एवढ्या कामाला वेळ लागतो, म्हणून नियम असा ठरला की डेटा आणि त्याची पोच यांत किमान ४ सबफ्रेमचं अंतर हवं.

एफडीडीत अपलिंक कायम चालू असल्याने नियम एका ओळीचा: सबफ्रेम 'न' मध्ये डेटा आला की 'न + ४' मध्ये पोच. टीडीडीत मात्र 'न + ४' ही अपलिंक असेलच असं नाही. मग काय करायचं? किमान ४ थांबायचं आणि पुढे जी ठरवून दिलेली अपलिंक येईल ती पकडायची. मांडणी २ साठी मानकातलं वेळापत्रक असं आहे:

सबफ्रेम ४ चा डेटा: ८ मिलिसेकंदांनी, पुढच्या फ्रेमच्या सबफ्रेम २ मध्ये पोच
सबफ्रेम ५ चा डेटा: ७ मिलिसेकंदांनी, त्याच जागी
सबफ्रेम ६ चा डेटा: ६ मिलिसेकंदांनी, त्याच जागी
सबफ्रेम ८ चा डेटा: ४ मिलिसेकंदांनी, त्याच जागी

दुसरा गट ९, ०, १ आणि ३ यांचा. त्यांची पोच सबफ्रेम ७ मध्ये, अनुक्रमे ८, ७, ६ आणि ४ मिलिसेकंदांनी.

इथे विद्यार्थी हमखास एक शंका काढतात: "सर, सबफ्रेम १ च्या अगदी पुढेच २ ही अपलिंक आहे, मग तिची पोच तिथेच का नाही?" उत्तर वर आलंच आहे. अंतर फक्त १ मिलिसेकंद, तेवढ्यात डेटा उलगडूनच होत नाही. दारात उभी असलेली एसटी सुटते, कारण डबा अजून उघडून पाहिलेला नाही. मग पुढची गाडी.

हे वेळापत्रक टॉवर आणि मोबाईल दोघांनाही आधीपासून पाठ असतं. म्हणून पोचपावतीवर 'कोणत्या सबफ्रेमची' असं लिहावं लागत नाही. ती कधी आली यावरूनच ते कळतं.

५. थांबण्याची किंमत

पोच येईपर्यंत टॉवरने हातावर हात ठेवून बसायचं का? तसं केलं तर वेग कोसळेल. म्हणून टॉवर एकाच वेळी अनेक 'हार्क प्रोसेस' चालवतो. प्रत्येक प्रोसेस म्हणजे एक खण समजा. पाठवलेला डेटा त्या खणात जपून ठेवायचा, ॲक आला की खण रिकामा, नॅक आला की तोच डेटा पुन्हा पाठवायचा.

मोबाईलकडेही तसेच खण असतात. चुकीचा आलेला डेटा तो फेकून देत नाही. एका अस्पष्ट झेरॉक्सवर काही अक्षरं वाचता येत नाहीत, दुसऱ्या झेरॉक्सवर वेगळी अक्षरं पुसट आहेत, पण दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तर मजकूर लागतो ना? तसा पहिला आणि दुसरा प्रयत्न एकत्र करून तो उलगडतो. हार्कची खरी ताकद यातच आहे.

किती खण लागतील? मोजूया. मांडणी २ मध्ये सबफ्रेम ४ ला डेटा गेला. पोच आली १२ व्या मिलिसेकंदाला (पुढच्या फ्रेमची २). टॉवरला विचार करायला ४ मिलिसेकंद धरा, म्हणजे पुन्हा पाठवायची सर्वांत लवकरची वेळ १६. आता ४ ते १५ मध्ये डेटा पाठवता येणाऱ्या सबफ्रेम मोजा: ४, ५, ६, ८, ९, १०, ११, १३, १४, १५. एकूण १०. मानकातही मांडणी २ साठी कमाल प्रोसेस १० च दिल्या आहेत. एफडीडीत ४ + ४ = ८ मिलिसेकंदांत फेरी पूर्ण होते, म्हणून तिथे ८ पुरतात.

मांडणी ५ तर टोकाची आहे. तिथे १० पैकी फक्त सबफ्रेम २ ही अपलिंक, बाकी ९ सबफ्रेमना पोच हवी. त्यात सबफ्रेम ९ च्या डेटाची पोच तब्बल १३ मिलिसेकंदांनी जाते आणि प्रोसेस लागतात १५. डाउनलोडचा वाटा वाढवला की पोचेला उशीर होतो आणि साठवणही जास्त लागते, हा सौदा लक्षात घ्या.

६. चार उत्तरं, एक चिठ्ठी: बंडलिंग

आता सबफ्रेम २ मध्ये चार सबफ्रेमची उत्तरं द्यायची आहेत. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे बंडलिंग, मराठीत गठ्ठा करणे. चारही नीट मिळाले तर एकच ॲक. एक जरी बिघडला तर सगळ्यांसाठी एकच नॅक. लॉजिकच्या भाषेत हे 'अँड' गेट झालं.

याचा तोटा किती? आकड्यात पाहू. एलटीईत पहिल्या प्रयत्नात साधारण १०% डेटा चुकेल असाच वेग बऱ्याचदा मुद्दाम निवडतात, कारण दुरुस्तीला हार्क आहेच. म्हणजे एक तुकडा नीट मिळण्याची शक्यता ०.९.

चारही नीट मिळण्याची शक्यता = ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९ = ०.६५६१

म्हणजे १०० पैकी जवळपास ३४ गठ्ठ्यांना नॅक. (चारही चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत असं इथे धरलं आहे.) दर गठ्ठ्यामागे खरोखर चुकणारे तुकडे सरासरी ०.४, पण पुन्हा पाठवावे लागतात ४ × ०.३४३९ = सुमारे १.३८. जवळजवळ साडेतीन पट. एका डब्यातली चकली मऊ पडली म्हणून मावशीने चारही डबे नव्याने पाठवायचे! मांडणी ५ मध्ये नऊंचा गठ्ठा घेतला तर सगळे नीट मिळण्याची शक्यता फक्त ०.३९ उरते.

मग हा वेडेपणा करायचा कशाला? कारण दूरच्या मोबाईलची ताकद मर्यादित आहे. नेहमीचा ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट एवढ्याच ताकदीने पाठवतो. टॉवरच्या हद्दीच्या टोकाला असलेल्या फोनने चार वेगळी उत्तरं पुटपुटण्यापेक्षा एकच 'हो' किंवा 'नाही' ठणकावून सांगितलेलं बरं. टॉवरला निदान ते नीट ऐकू तरी जातं.

७. जो डबा निघाल्याचंच माहीत नाही

आता आपण मावशीपाशी परत येऊ.

मोबाईलला डेटा मिळण्याआधी एक छोटा कंट्रोल संदेश येतो: "या सबफ्रेममध्ये तुझ्यासाठी डेटा आहे, अमुक जागी." हा संदेशच हुकला तर मोबाईलच्या दृष्टीने त्या सबफ्रेममध्ये काही नव्हतंच. तो नॅकही पाठवणार नाही, कारण नॅक पाठवायला काहीतरी यायला हवं होतं हे कळायला लागतं. एफडीडीत हे लगेच उघडं पडतं. टॉवर 'न + ४' ला पोच ऐकायला बसतो, तिथे शांतता असते आणि टॉवर समजतो की संदेशच पोहोचला नाही. या शांततेला 'डीटीएक्स' म्हणतात. म्हणजे उत्तरं दोन नव्हेत, तीन आहेत: हो, नाही आणि शांतता.

बंडलिंगमध्ये मात्र ही शांतता इतरांच्या आवाजात बुडून जाते. चारपैकी एक हुकला, उरलेले तीन नीट मिळाले, मोबाईलने 'हो' पाठवलं. टॉवर चारही खण रिकामे करून टाकतो. हीच ती प्रामाणिक पण खोटी पोच.

असं कितीदा घडेल? कंट्रोल संदेश हुकण्याचं प्रमाण साधारण १% च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. आपण १% च धरू. चारही सबफ्रेममध्ये आपल्यालाच डेटा येतोय असं समजा.

निदान एक हुकला आणि बाकीचे सगळे नीट आले, याची शक्यता = (०.९९ × ०.९ + ०.०१) चा चौथा घात − (०.९९ × ०.९) चा चौथा घात = ०.६५९० − ०.६३०२ = सुमारे ०.०२९

ऐकायला कमी वाटतं. पण सेकंदाला १०० फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये दोन गठ्ठे, म्हणजे सेकंदाला २०० गठ्ठे. २०० × ०.०२९ = पाच ते सहा खोट्या पोचपावत्या, दर सेकंदाला! वेबपेज उघडताना वरचा थर (आरएलसी) केव्हातरी खोट ओळखतो आणि डेटा पुन्हा मागवतो, फक्त उशीर होतो. पण व्होल्टीच्या कॉलमध्ये आवाजाच्या पॅकेटला वरच्या थराची अशी पुन्हा मागवण्याची सोय नसते. तिथे गेलं ते गेलं. समोरच्याचं अर्धं अक्षर गिळलं जातं आणि आपण म्हणतो, "हॅलो, आवाज तुटतोय."

उपाय काय? मावशीला विचारा, ती सांगेल: डब्यांवर खडूने आकडे घाल! एलटीईत नेमकं हेच केलं आहे. प्रत्येक कंट्रोल संदेशात दोन बिटांचा एक मोजणी-आकडा असतो, त्याला 'डाउनलिंक असाइनमेंट इंडेक्स' किंवा थोडक्यात 'डीएआय' म्हणतात. गठ्ठ्यातला हा तुझा कितवा डेटा, ते तो सांगतो.

समजा सबफ्रेम ४, ५, ६, ८ मध्ये आकडे गेले १, २, ३, ४. मोबाईलला दिसले १, ३, ४. दोन कुठे गेला? म्हणजे एक हुकला. आता तो 'हो' म्हणणार नाही. पोचेखेरीज पाठवायचं दुसरं काही नसेल तर तो सरळ गप्प बसतो आणि ती शांतता टॉवरला बरोबर कळते.

आता खरा डोक्याला ताण देणारा भाग. शेवटचाच हुकला तर? मोबाईलला दिसले १, २, ३. मोजणीत कुठेही खंड नाही. तो बिचारा खुशाल 'हो' म्हणणार. यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. पोच कोणत्या जागेवरून पाठवायची, हे मोबाईलला मिळालेल्या *शेवटच्या* कंट्रोल संदेशाच्या स्थानावरून ठरतं. टॉवरला अपेक्षित असतं की पोच चौथ्या संदेशाशी जोडलेल्या जागेवर येईल. ती आली तिसऱ्याच्या जागेवर. टॉवर लगेच ओळखतो: याला तीनच कळले. मोबाईलने एक शब्दही जास्त सांगितला नाही. कुठून सांगितलं यातच उत्तर आलं. जणू भाच्याने चिठ्ठी, मिळालेल्या शेवटच्या डब्याच्या झाकणावरच लिहून पाठवली!

आणि मोबाईल त्याच वेळी आपला डेटा अपलोड करत असेल तर पोच त्या डेटासोबतच जाते. तेव्हा वरची जागेची युक्ती चालत नाही. म्हणून अपलोडची परवानगी देणाऱ्या संदेशातच टॉवर एकूण किती पाठवले तो आकडा सांगून ठेवतो. मोबाईलने फक्त ताळा करायचा.

८. वेगवेगळी उत्तरं: मल्टिप्लेक्सिंग

सिग्नल चांगला असेल तर गठ्ठ्याची गरज नाही. तेव्हा प्रत्येक सबफ्रेमचं उत्तर वेगळं पाठवता येतं, ते असं: पोचेच्या चार जागांपैकी एक जागा निवडायची आणि तिथे चार खुणांपैकी एक खूण करायची. ४ × ४ = १६ वेगळे निरोप झाले. चार सबफ्रेमची हो-नाही उत्तरंही १६ च.

पण तिसरं उत्तर, शांतता, विसरलात का? ते धरलं तर ३ × ३ × ३ × ३ = ८१ शक्यता होतात आणि त्या १६ मध्ये मावत नाहीत. म्हणून तक्त्यात बऱ्याच ठिकाणी 'नाही' आणि 'शांतता' यांना एकाच खुणेत बसवलं आहे. चालतं, कारण दोन्ही वेळा टॉवरने पुन्हाच पाठवायचं असतं. 'हो' आणि 'शांतता' एकत्र करणं मात्र घातक, ते टाळायचं.

मांडणी ५ मध्ये नऊ उत्तरं असल्याने हा मार्ग उपलब्ध नव्हता. एलटीईच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे रिलीज ८ मध्ये, तिथे फक्त बंडलिंगच होतं.

९. ५जीमध्ये काय बदललं?

एलटीईत वेळापत्रक छापील होतं. ५जीत पोच किती स्लॉटनंतर द्यायची हे टॉवर प्रत्येक कंट्रोल संदेशात सांगू शकतो. जणू डब्यावरच चिठ्ठी, "अमुक गाडीने निरोप दे." शिवाय ३० किलोहर्ट्झच्या रचनेत स्लॉट अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो आणि मोबाईलचं काम वेगाने होतं, त्यामुळे पोचही लवकर जाते.

मोजणीचा प्रश्न मात्र तिथेही सुटलेला नाही, कारण तो तंत्रज्ञानाच्या पिढीचा प्रश्नच नाही. ५जीत त्याला दोन उत्तरं आहेत. एक: रकाने आधीच ठरलेले ठेवायचे आणि जिथे काही आलं नाही तिथे 'नाही' भरायचं. यात जागा वाया जाते, पण गोंधळ होत नाही. दोन: जेवढं पाठवलं तेवढेच रकाने ठेवायचे आणि त्यासाठी डीएआयची मोजणी चालू ठेवायची. खडूचे आकडे अजून पुसलेले नाहीत!

१०. थोडक्यात

- टीडीडीत अपलिंक कायम उपलब्ध नसते. म्हणून पोच 'किमान ४ सबफ्रेम आणि पुढची ठरलेली अपलिंक' या नियमाने जाते.
- डाउनलिंकचा वाटा वाढला की पोचेला उशीर होतो आणि हार्क प्रोसेस जास्त लागतात.
- बंडलिंगने दूरच्या फोनचं काम भागतं, पण फुकटची पुनर्पाठवणी वाढते. मल्टिप्लेक्सिंगने ती वाचते, पण त्याला चांगला सिग्नल लागतो.
- उत्तरं तीन: हो, नाही, शांतता. शांतता ओळखता आली नाही तर 'हो'वर विश्वास ठेवता येत नाही.
- किती यायला हवं होतं हे ज्याला माहीत आहे, तोच खरी पोच देऊ शकतो. डीएआय त्यासाठी आहे.

शेवटचा मुद्दा परीक्षेपुरता ठेवू नका. उद्या एखादं नेटवर्क, एखादं ॲप किंवा नुसता शाळेचा पत्रव्यवहार उभा करायची वेळ आली, तर 'मिळालं का?' हे विचारण्याआधी 'किती पाठवलं' हे सांगायची सोय करा.

स्वाध्याय

मांडणी १ अशी आहे: ०, ४, ५, ९ डाउनलिंक, १, ६ स्पेशल, २, ३, ७, ८ अपलिंक. सबफ्रेम ५ आणि ६ ची पोच पुढच्या फ्रेमच्या २ मध्ये, तर ९ ची ३ मध्ये जाते.

१. सबफ्रेम ५, ६ आणि ९ च्या पोचेला प्रत्येकी किती मिलिसेकंद लागतात?
२. सबफ्रेम ५ पासून सुरुवात करून, वर केली तशी मोजणी करून हार्क प्रोसेस किती लागतील ते काढा.
३. दोनच तुकड्यांचा गठ्ठा असेल आणि प्रत्येकी १०% चूक धरली, तर किती टक्के गठ्ठ्यांना नॅक मिळेल?
४. डीएआयचे बिट दोनच, म्हणजे आकडे १ ते ४. मांडणी ५ मध्ये नऊ तुकड्यांसाठी ते १, २, ३, ४, १, २, ३, ४, १ असे फिरतात. सलग किती संदेश हुकले तर मोबाईलला मोजणीत खंड दिसणार नाही?

उत्तरं पडताळून पाहा: (१) ७, ६ आणि ४. (२) ७. (३) १९%. (४) सलग चार. का, ते स्वतः कागदावर आकडे मांडून पाहा. तोंडपाठ करण्यापेक्षा एकदा मांडून पाहिलेलं जन्मभर लक्षात राहतं.